स्टिरिओ ऐकतंय कोण?

आमच्या रत्नागिरीच्या घरात रेडिओ फ्रीजवर असतो, एकच स्पीकर, तोही आईच्या फोडणीशी भांडत असतो, त्यामुळे स्टेशन स्टिरिओत (डावा-उजवा आवाज वेगळा) आहे की मोनोत (सगळा आवाज एकच) ह्याने तिला काडीचा फरक पडत नाही.

परवा कारने राजापूरला जाताना मात्र गंमत कळली. डोंगर आडवा आला की एफएम खरखरायचं, मग सेट आपोआप मोनोकडे झुकायचा नि खरखर बसायची. होतं काय, की डावं-उजवं मिळून एक मोनो सिग्नल जातो आणि दोघांतला फरक ३८ किलोहर्ट्झवर चढवून वेगळा पाठवतात, सोबत १९ किलोहर्ट्झचा पायलट टोन, म्हणजे 'हे स्टिरिओ आहे' असं सेटला सांगणारा खुणेचा सूर, अमेरिकेत १९६१ पासून हीच पद्धत. सिग्नल ढेपाळला की हा फरकवाला भागच आधी खरखरतो. म्हणजे आपल्या दऱ्याखोऱ्यांत स्टिरिओचा उलट तापच!

रात्री हेडफोन लावून तबला एकीकडे, बासरी दुसरीकडे ऐकायला मस्त वाटतं, नाही म्हणत नाही. पण पन्नास-साठच्या दशकातली आपली गाणी मुळात मोनोतच रेकॉर्ड झालेली, त्यांना दोन स्पीकर देऊन नवीन काय मिळणार?

आईला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "ते ऱ्हाऊदे, आधी सेल बदल."