अमेरिकेतलं लॉन आणि खान्देशी वांगी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे दुपारी निंबाखालीही बसवत नाही. इकडे शिकागोच्या उपनगरात त्याच सुमारास लोक जाकीट घालून अंगणात उतरतात. पहिलं ऊन पडलं की सगळ्यांचे हात शिवशिवतात, दुकानांत खताच्या गोण्यांची थप्पी लागते.

पण घाई करून उपयोग नाही. इथली माती चिकण, बर्फाच्या पाण्याने गच्च झालेली. मूठभर घेऊन दाबायची. बोटाने टोकल्यावर गोळ्याचा भुगा झाला तर वाफसा आला, नाहीतर फावडं ठेवून द्यायचं. ओलीत खणलं तर पुढे ढेकळं फुटता फुटत नाहीत. काळ्या रानात वाढलेल्यांना हे मी काय सांगणार!

लॉनचं मात्र शास्त्र वेगळं. इथलं गवत थंडीतलं, केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यू. त्याची खरी पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात. वसंतात मुख्य लढाई क्रॅबग्रास नावाच्या तणाशी. मातीचं तापमान १३ अंशांच्या आसपास टिकलं की ते उगवतं, म्हणून त्याआधीच उगवणपूर्व तणनाशक टाकायचं. थर्मामीटर नसेल तर फोर्सिथियाची झुडपं बघायची. पानं येण्याआधी ती पिवळ्या फुलांनी भरतात, तीच वेळ. मात्र हे औषध तणाच्या आणि गवताच्या बियांत भेद करत नाही. ते टाकलं की नवं गवत पेरायचं नाही, बी वाया जातं. कापणी तीन इंचांवर, आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांशच भाग. कापलेलं तिथेच पडू द्यावं, नत्र फुकट मिळतं.

अमळनेरहून नाना व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघतात. "पैसा दिसन गवत पेरतस, आन कापी फेकतस? एखादी म्हैस तरी बांध ना रे!" टेक्सास-जॉर्जियाकडे लोक हराळीचंच लॉन मुद्दाम करतात, बर्म्युडा ग्रास म्हणून, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. कपाशीतून हराळी खणण्यात त्यांची उमर गेली.

खरं सांगायचं तर लॉन मी शेजाऱ्यांसाठी ठेवतो. माझा जीव मागच्या वाफ्यात. मार्चमध्ये घरात दिव्याखाली वांग्याचं बी टाकतो. आपलं हिरवं भरिताचं वांगं कुठे मिळत नाही, म्हणून ब्लॅक ब्यूटी जातीचं. मदर्स डे, म्हणजे मेचा दुसरा रविवार, होईपर्यंत रोपं बाहेर लावायची नाहीत; तोवर गोठलेलं दहिवर (फ्रॉस्ट) कधीही पडतं. वांग्याला तर त्याहून उशीर, रात्री १३ अंशांच्या वर राहायला लागल्यावरच. त्याआधी आठवडाभर रोपं दिवसा सावलीत ठेवायची, हळूहळू उन्हात सरकवायची. लावल्या लावल्या वरून बारीक जाळी टाकायची, कारण उड्या मारणारे काळे भुंगेरे पानांची चाळण करतात.

वांगी ऑगस्टमध्ये येतात. कपाशीच्या काड्या इथे कुठून आणणार, ग्रिलवरच भाजतो. नाना त्याला भरीत मानत नाहीत.