ताईचं ऑपरेशन झालं

दुपारी तीनला सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली, ताई शुद्धीवर आहेत." मी तिथेच बाकावर बसून रडले.

महिन्यापूर्वी ताप आणि घसादुखी म्हणून नेलं, तर पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या. वाढलेल्या थायरॉइडसाठी ती घेत असलेल्या कार्बिमाझोल गोळीचा दुर्मिळ दुष्परिणाम. मग त्या जातीचं दुसरं औषधही देता येत नाही, म्हणून ऑपरेशनच. नाडी १४०, हात थरथरताहेत. नाडी आवरणारं प्रोप्रॅनोलॉल, स्टेरॉइड, थायरॉइडचं हार्मोन आतड्यात धरून ठेवणारी कोलेस्टायरामिनची पूड, आणि शेवटचे दहा दिवस ग्रंथी शांत करायला ल्युगोलच्या आयोडीनचे थेंब. १८२९ सालचं द्रावण! त्याचा असर तात्पुरता, म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलणं शक्यच नव्हतं.

कार्बिमाझोल घेणाऱ्यांनो, ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. अंगावर काढू नका.

ताईने आत्ताच चहा मागितलाय.