दहा वेळा नऊ

"मोबाईल नंबर सांगा."

राममारुती रोडवरच्या एका दुकानात आज बिलाच्या रांगेत होतो. माझ्या पुढच्या आजींनी पर्समधून सुटे काढता काढता विचारलं, "कशाला हवाय रे?"

पोरगा गडबडला. "त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही, आजी."

आजी ढिम्म. मागे रांग वाढायला लागली. शेवटी त्याने दहा वेळा नऊ दाबला आणि बिल सुरळीत बाहेर आलं! म्हणजे अडलं काहीच नव्हतं.

जाताना आजी म्हणाल्या, "कायदा झालाय आता. कशासाठी ते सांगायला लागतं."

बरोबर आहे त्यांचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. माहिती कशासाठी हवी ते सांगायचं, तेही मराठीत वाचायची सोय द्यायची, दिलेली संमती परत घेता येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण बऱ्याच तरतुदी लागू व्हायला त्यानंतर १८ महिने. (घाई कुणालाच नाही.)

त्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला होता. पाठवून काय होतं, असं म्हणू नका. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी म्हणून, लोकांनी ट्रायला (दूरसंचार नियामक) लाखो ईमेल धाडले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या साइट्सना वेगळे डेटा दर लावायला ट्रायने बंदी घातली.

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या ठरावावर रात्री एकपर्यंत मेसेज चालतात. या मसुद्यावर तुमच्यापैकी कुणी एक ओळ तरी पाठवली होती का?