कॅम्परने कोकण किनारा, ९ दिवस: दुरुस्तीच्या पेटीत काय होतं आणि काय असायला हवं होतं

जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, लेक आणि मेव्हणा, पुण्याहून ताम्हिणीने खाली उतरून हरिहरेश्वर आणि तिथून किनारा धरून मालवणपर्यंत गेलो, येताना फोंडा घाट चढून कोल्हापूरमार्गे घरी. गाडी म्हणजे पूर्वी स्कूलबस असलेली ट्रॅव्हलर, सीट काढून आत बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा पंप, लिथियम बॅटरी आणि टपावर सोलर एवढं बसवलंय. निघायच्या आधी ज्याला ज्याला विचारलं त्याने इंजिनच्या सामानाची यादी दिली, फॅन बेल्ट घे, डिझेल फिल्टर घे, क्लचचं बघ वगैरे. ते सगळं घेतलं आणि बहुतेक तसंच परत आणलं. अडलो ते गाडीच्या मागच्या अर्ध्या भागात, जिथे आपण घर बसवलेलं असतं. म्हणून हे लिहितोय, पुढे जाणाऱ्यांचा एखादा दिवस तरी वाचेल.

ट्रॅव्हलर घ्यायचं एक मोठं कारण हेच होतं की शाळेच्या बस, वडाप, अ‍ॅम्ब्युलन्स सगळीकडे हीच गाडी पळते, त्यामुळे दापोली काय, रत्नागिरी काय, कणकवली काय, मिस्त्री गाडी ओळखतो आणि पार्ट आज नाही तर उद्या सकाळच्या एसटीने तरी येतो. पण पाण्याच्या पंपाचा प्रेशर स्विच, पाइपाचा त्या मापाचा जोड, टाकीचा कॉक, हे तो कुठून आणणार? हे तुमच्या गाडीत कुणीतरी हाताने बसवलेलं आहे, त्याचं माप फक्त तुम्हाला माहीत (आणि बऱ्याचदा तुम्हालाही नाही). निघण्याआधी प्रत्येक पाइपाचं आणि जोडाचं माप मोबाइलमध्ये फोटोसकट लिहून ठेवा, हार्डवेअरच्या दुकानात उभं राहिल्यावर त्याची किंमत कळते.

पहिला फटका बागमांडला ते वेश्वी जंगलजेटीला, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या बोटीला. ओहोटी होती, त्यामुळे बोटीचा रॅम्प आणि धक्का यांच्यात चांगलाच कोन झालेला, पुढची चाकं वर चढली आणि मागचा लांब बुडखा खाली घासला. तिथेच आमच्या सांडपाण्याच्या टाकीचा कॉक लोंबत होता तो मुळापासून तुटला, आणि भांडी धुतलेलं पाणी सगळं रॅम्पवर. बोटवाले बिचारे काही बोलले नाहीत पण मला फार वाईट वाटलं. पलीकडे उतरल्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर एम-सील आणि दोन झिपटाय अशी पट्टी मारली, ती दापोलीपर्यंत टिकली. दापोलीत १५ रुपयांची पीव्हीसी एंड कॅप आणि टेफ्लॉन टेप घेतली आणि विषय संपला, म्हणजे १५ रुपयांची वस्तू पेटीत असती तर अर्धा दिवस वाचला असता. या मार्गावर दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा अजून दोन बोटी लागतात, लांब बुडख्याची गाडी असेल तर शक्यतो भरतीच्या जवळपास चढा. दोन जाड फळ्या आम्ही जॅकखाली घ्यायला नेल्या होत्या, दाभोळला त्याच चाकाखाली टाकून मागची बाजू अलगद वर घेतली. आणि बोटीवर चढण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद, हे न विसरता.

आंजर्ल्याला सुरूच्या बनाच्या कडेला गाडी लावायला गेलो, वर सुरूच्या काड्यांचा थर होता म्हणून जमीन टणक वाटली, खाली भुसभुशीत वाळू. मागची चाकं फिरायला लागली. मी रेस देणार तेवढ्यात एक आजोबा ओरडले, "थांबा वो, रेस देऊ नका, आणखी आत जाईल!" अगदी खरं होतं ते. ट्रॅव्हलर मागच्या चाकावर चालते, वजनही मागेच, एकदा चाक खड्डा करायला लागलं की डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोळा) टेकेपर्यंत थांबत नाही. चारही चाकांची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली, फावड्याने चाकापुढची वाळू काढली, आजोबांनी आणलेल्या झावळ्या आणि आमची दोन गोणपाटं घातली आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढली. यात दोन गोष्टी लागतात, छोटं फावडं आणि हवा परत भरायला कंप्रेसर. कंप्रेसर घेताना सिगारेट लायटरला लावायचा घेऊ नका, एवढ्या मोठ्या टायरला त्याचा जीव जातो आणि गाडीचा फ्यूजही, बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. प्रेशर गेजही स्वतःचं ठेवा. हवा भरेपर्यंत डांबरी रस्त्यावर जोरात जाऊ नका, टायर तापतो.

पंक्चर गुहागरच्या अलीकडे, संध्याकाळी, वळणावर. इथे जे शिकलो ते सगळ्यात महत्त्वाचं मानतो. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता, पण नट वर्कशॉपमध्ये मशीनने आवळलेले, पान्यावर उभा राहिलो तरी हलेनात. मेव्हण्याने हट्टाने तीन फुटी जीआय (लोखंडी) पाइप टाकला होता, तो पान्याच्या दांड्यात सरकवून लावला तेव्हा एकेक सुटला. पुढची अडचण, चाक पूर्ण बसल्यावर अ‍ॅक्सल इतका खाली येतो की बॉटल जॅक त्याच्याखाली जातच नाही. मग तीच फळी, गाडी हळूच पुढे घेऊन बसलेलं चाक फळीवर चढवलं, जॅक घातला, जॅकच्या खाली दुसरी फळी कारण तिथे साइडपट्टीची माती जॅकला गिळते. जॅक चढवण्याआधी दुसऱ्या चाकांना दगड लावले होते. तुम्ही घरी अंगणात एकदा चाक उतरवून परत बसवून बघा, स्वतःच्या पान्याने, स्वतःच्या जॅकने. त्यात जे सापडणार नाही ते रस्त्यावरही सापडणार नाही. हेडलॅम्प आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण हाताशी ठेवा, कोकणातल्या वळणांवर मागून येणाऱ्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता.

गणपतीपुळ्यात पाण्याचा पंप गेला. मोटर चालू, बंदच होईना, आणि नळाला धार नाही. मी आधी फ्यूज, वायर सगळं मल्टिमीटरने तपासलं, एका टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवा थर आला होता तो खरवडला, तरी तेच. मग पंपाचं डोकं चार स्क्रू काढून उघडलं तर व्हॉल्व्हच्या रबरात बारीक वाळू. आदल्या दिवशी विहिरीचं पाणी भरलं होतं आणि पंपाआधी जाळी बसवलेलीच नव्हती, ही चूक माझी. धुऊन लावलं, चाललं, पण रबराला चीर गेली होती त्यामुळे दुसऱ्या दिवशी परत बंद. रत्नागिरीत दोन हार्डवेअरची दुकानं, एक इलेक्ट्रिकल, कुठे काही नाही. तिसऱ्या ठिकाणी दुकानदार दादा म्हणाले, "हे तर फवारणी पंपाचं मशीन आहे, कृषी सेवा केंद्रात बघा." आंब्याच्या मोहराचे दिवस, फवारणी जोरात, बॅटरीवरच्या फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या मोटरी तिथे रांगेने लावलेल्या! धार थोडी बारीक आणि पाइपाचा जोड वेगळ्या मापाचा, पण पाइप गरम पाण्यात बुडवून ताणला, वर क्लिप आवळली, आणि घरी येईपर्यंत पाणी बिनतक्रार. मला या एका माहितीचा इतका आनंद झाला की काय सांगू. कॅम्परवाल्यांनी कृषी सेवा केंद्र लक्षात ठेवाच, जाळीचे फिल्टर आणि पाइपाच्या क्लिपाही तिथे मिळतात.

फ्यूज प्रत्येक मापाचे पाच-पाच घ्या. १० अँपिअरचा उडाला आणि तो संपला म्हणून ३० चा घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळणं, आणि आपण त्या वायरीच्या वर झोपतो. गॅसचं छोटं सामान म्हणजे सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग, आयएसआय मार्कचा पाइप आणि त्याच्या क्लिपा, जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी लावून कधीच नाही.

फोंडा घाटात, दाजीपूर अजून वर असताना, टेंपरेचरचा काटा चढला. कूलंटच्या होजची क्लिप ढिली, बारीक गळती. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं पण गडबडीत हात जातोच, आम्ही पाऊण तास थांबलो, चहा केला, मग स्क्रू ड्रायव्हरने क्लिप आवळली, पाणी टाकलं आणि निघालो. पाच लिटरचा एक कॅन फक्त इंजिनसाठी वेगळा ठेवा, प्यायचं पाणी त्यात धरू नका.

घरी आल्यावर पहिलं काम, गाडी रॅम्पवर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुतली, खारी वाळू चासीच्या खाचांत बसलेली असते. आणि पेटीची जागा बदलली. गुहागरला अंधारात जॅक काढायला गादी, चादरी, लेकीची खेळणी सगळं बाहेर रस्त्याकडेला ठेवावं लागलं होतं, कारण पेटी बेडखाली आतल्या बाजूला होती. आता जॅक, पाना, पाइप आणि फळ्या मागच्या दाराशी, बाहेरून हात घातला की मिळतील अशा, आणि फ्यूज, टेप, क्लिपा, एंड कॅपचा डबा ओट्याच्या पहिल्या खणात.