नरक चतुर्दशीची शीट

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. पहाटे उटणं लावून आंघोळ, फराळ, आणि दहाला मी गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. सणाचा दिवस होता, पण भाऊबीज गुरुवारी आणि पार्सलं काही थांबत नाहीत. पैठणचे पैठणीवाले, वसमतचे हळदवाले अशा ३८ जणांची ऑनलाइन दुकानं आम्ही चालवतो. साइट, पेमेंट, कुरिअर, परत आलेला माल, सगळं. माल त्यांचा, डोकेदुखी आमची.

साडेबाराच्या सुमारास पैठणहून फोन आला. "ताई, गिऱ्हाईक म्हणायलंय पैसे कटले, अन् मला तर ऑर्डरच दिसंना."

बघितलं तर पेमेंटच्या स्क्रीनवर पैसे जमा, आमचं पॅनल मात्र कोरं. आमचा सर्व्हर मुंबईत, तो ठणठणीत होता. पण पैसे आल्याचा निरोप आमच्यापर्यंत आणणारी मधली सेवा सगळी अमेरिकेत, व्हर्जिनियात. तिथल्या एका बड्या क्लाउडच्या केंद्रात डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही, सांभाळणारी यंत्रणा आपल्याच पायात पाय अडकून पडली होती आणि एका डेटाबेसच्या नावापुढचा पत्ताच रिकामा झाला होता. डेटाबेस जागेवर होता, पण तो कुठे आहे हे कुणालाच कळेना.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले होते. हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो बघून आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो होतो. आता मीही तसंच हातानं उतरवायला घेतलं. पेमेंटच्या स्क्रीनवरून एकेक नाव उतरवून गूगल शीट बनवली: नाव, मोबाईल, पत्ता, वस्तू, रक्कम, शेरा. पॅकिंगच्या पोरांना त्यांच्या मेलवर दिली. निम्म्यांना स्वतःचा मेल आयडीच आठवेना. "ताई, उघडंना." शेवटी वैतागून सेटिंग बदललं, लिंक असेल त्याला दिसेल असं केलं, आणि लिंक आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये ६१ माणसं. त्यात कुरिअरची पोरं, आणि दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेलेही, कारण त्यांना काढायला कुणाला सुचतं?

शीटच्या कोपऱ्यात अधूनमधून ‘ॲनॉनिमस कॅपिबारा’ असं काहीतरी यायचं. ओळख नसलेल्या पाहुण्याला गूगल असं प्राण्याचं नाव देतं. मला गंमत वाटली. आमचीच पोरं असतील, म्हटलं.

तीनच्या पुढे गाडी हळूहळू रुळावर आली, पुरतं सुरळीत व्हायला मध्यरात्र उलटली. तुंबलेले निरोप एकदम येऊन कोसळले, काही दोनदा, काही तीनदा. तोच पेमेंट आयडी पुन्हा आला तर सोडून दे, एवढी साधी तपासणी आमच्या कोडमध्ये नव्हती. २१२ ऑर्डरींच्या २९७ झाल्या. हळद कुणाकुणाला दुप्पट गेली. पैठणी वाचली, कारण तसली दुसरी नसतेच. विणकराचाच फोन आला, "साडी एक अन् पावत्या दोन कशा?"

पावणेनऊला नांदेडच्या एका शिक्षिकाबाईंचा फोन आला. त्यांना एका बाईनं फोन केला होता. राणी रंग, नारळी काठ, किंमत, सोसायटीचं नाव, सगळं बरोबर सांगितलं. पत्ता पक्का करायला पाच रुपये भरा म्हणाली, एक फाईल पाठवली, आणि यांच्या खात्यातून १८,४०० गेले. "ती असंही म्हणाली, की तुम्ही चारनंतरच घरी असता ना."

माझ्या हातापायातलं बळच गेलं. ‘चारनंतर घरी’ हे शेऱ्याच्या रकान्यात मीच दुपारी टाइप केलं होतं. ते दुसरीकडे कुठेच नव्हतं.

त्यांना तिथल्या तिथे १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला सांगितला. लिंक बंद केली. कुणी कुणी उघडली होती, ते काही कळेना. शीटमध्ये पाहुण्यांची नोंद राहत नाही, कॅपिबारा येतो नि जातो. कार्डांचे नंबर तरी आमच्याकडे नव्हते, कारण १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं दुकानदारांना ते ठेवायला बंदी केली आहे. ती कटकट लागू झाली तेव्हा मीच शिव्या घातल्या होत्या. सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या सरकारी संस्थेला, सहा तासांच्या आत कळवावं लागतं, म्हणून रात्री दोनला फॉर्म भरायला बसले. ‘घटनेचा प्रकार’ या ओळीवर बराच वेळ अडले. हल्ला म्हणावं, तर दार मीच उघडलेलं. शेजारी नवरा डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाचत होता. कमाल दंड २५० कोटी. म्हणाला, "आख्खी गल्ली विकली तरी एवढे यायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला, आम्ही चौघं मिळून सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करत बसलो. असा फोन आला तर पैसे भरू नका, फाईल उघडू नका. जालन्याचे एक आजोबा ऐकून घेईनात. "तुम्ही खऱ्या कशावरून? माझ्या ऑर्डरीत काय होतं सांगा."

मी शीट उघडली. दोन किलो हळद, पत्ता, रक्कम, वाचून दाखवलं.

"हे तर कालच्या बाईनंही सांगितलं होतं," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.