स्ट्रेचरवरची एरिन फिलिप्स
आज दुपारी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या महिला लीगचा २०१९ चा अंतिम सामना पुन्हा पाहिला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या एरिन फिलिप्सला स्ट्रेचरवरून नेताना ॲडलेड ओव्हलवरचे पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रतिस्पर्धी कार्लटनच्या खेळाडूही तिच्यापाशी आल्या, तेव्हा माझे डोळे भरून आले.

मुलग्यांबरोबर फुटबॉल खेळण्याची मुभा तेराव्या वर्षी संपली, म्हणून पोर्ट ॲडलेड या फुटबॉल क्लबच्या नामवंत खेळाडूची ही मुलगी बास्केटबॉलकडे वळली, अमेरिकेत दोन विजेतेपदे मिळवून २०१६ चे रिओ ऑलिंपिक खेळली आणि २०१७ मध्ये महिलांची लीग सुरू झाल्यावर ३१ व्या वर्षी आपल्या मूळ खेळाकडे परतली. पुढे ती वडिलांच्याच क्लबच्या महिला संघाची पहिली कर्णधार झाली. मधली ती हिरावलेली वर्षे मात्र मला फार सलतात.