सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच मोबाईल नंबर

आत्याच्या डब्यांच्या धंद्यासाठी मी एक छोटं सॉफ्टवेअर करून दिलं, फुकटात अर्थात, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन, "अरे सगळ्यांचा नंबर एकच कसा दाखवतोय?" उघडून बघतो तर खरंच, हॉस्टेलची पोरं, बँकेतल्या मॅडम, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांच्या नावापुढे 2147483647.

चूक माझीच. मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे माहिती तक्त्यांत साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मोबाईलचा कॉलम इंट, म्हणजे पूर्णांकाचा, ठेवलेला. इंटमध्ये ह्याच्यापुढचा आकडा मावतच नाही आणि आपले मोबाईल नंबर 6, 7, 8, 9 नेच सुरू होतात, म्हणजे एकजात सगळे मोठे. न मावणारा आकडा आला की अडवणारा स्ट्रिक्ट मोड पण मीच बंद केलेला, त्यामुळे मायएसक्यूएलनं तक्रार न करता मावेल तेवढा मोठ्यात मोठा आकडा ठेवला. खरे नंबर गेले ते गेलेच.

पण हा 214 कोटींचा आकडा भारी आहे राव. 2 चा 31 वा घात वजा 1, बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, लिहिला तर ओळीनं 31 वेळा 1, आणि वर मूळ संख्या! 1772 मध्ये ऑयलर ह्या गणितज्ञानं हे सिद्ध केलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये, दिसायचं जवळजवळ बंद झालेलं असताना. वर्गमूळ 46340 च्या थोडं वर येतं, म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, मरायचंच काम. पण इथे एक गंमत आहे. 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047 घ्या, तो 23 गुणिले 89. दोघांनाही 11 ने भागलं तर बाकी 1 च, आणि 8 ने भागलं तर बाकी 7 किंवा 1. घात विषम मूळ संख्या असला की हे कायमच होतं, भाजकाला त्या घातानं भागलं की बाकी 1, आणि 8 ने भागलं की 1 किंवा 7. म्हणून 31 साठी फक्त असेच भाजक तपासायचे ज्यांना 248 ने (31 गुणिले 8) भागल्यावर 1 किंवा 63 उरतात, ते 46340 पर्यंत चारशेसुद्धा नाहीत, आणि त्यातले जे मूळ नाहीत ते पण गाळायचे.

मी आत्याच्याच हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर सुरू केलं. पहिला आला 311, बाकी 35. मग थेट 1303, बाकी 226. तिथेच पेन खाली ठेवलं. ऑयलरला साष्टांग नमस्कार.

बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञानं 1811 मध्ये लिहून ठेवलेलं की ह्या मूळ संख्येवरून जी परिपूर्ण संख्या (स्वतःहून लहान भाजकांच्या बेरजेइतकी) मिळते, तिच्याहून मोठी कोणी शोधायला बहुतेक जाणारच नाही, उपयोग काय म्हणून. 1876 मध्ये ल्युकास ह्या फ्रेंच गणितज्ञानं अशीच 39 आकडी मूळ संख्या काढून दाखवली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सापडलेली तर 4 कोटी 10 लाखांहून जास्त आकड्यांची आहे.

बरं, इंटची मर्यादा मूळ संख्या आहे हा निव्वळ योगायोग, 31 स्वतः मूळ नसता तर जमलंच नसतं, आणि 2047 सारखं मूळ असूनही फसू शकलं असतं. बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा कॉलम, त्याची मर्यादा 2 चा 63 वा घात वजा 1, तिला सरळ 7 ने भाग जातो. मी काही बिगइंट केलं नाही म्हणा, फोन नंबरची कोण बेरीज करणारे, सरळ टेक्स्ट कॉलम टाकला. मग संध्याकाळभर आत्या डायरीतून नंबर वाचतीये आणि मी टाइप करतोय. एक नंबर नऊच आकड्यांचा निघाला. "राहू दे तो," आत्या म्हणाली, "दोन महिन्यांचे पैसे बुडवून गेलाय."